रंगमंचावरची जमीन: खरी माती कुठे, सोंग कुठे

प्रश्न थोडक्यात असा. नाटक सबंध एका उजाड माळावर घडतं. रंगमंच ३० फूट बाय २० फूट. तपकिरी रंगवलेलं कापड अंथरून पाहिलं, ते जुन्या सतरंजीसारखं दिसलं. तेव्हापासून दिग्दर्शकाने धोशा लावलाय की खरी मातीच आणून ओतू या. दुसऱ्या अंकात एक पात्र हातांनी खड्डा उकरतं, दोन पात्रं नाटकभर अनवाणी आहेत आणि शेवटचा प्रवेश पाऊस पडून गेल्यानंतरचा आहे. तर खरी माती आणावी का?

आणा, पण पाच-सहा घमेली. पात्राचा हात जिथे मातीत जातो तिथे ती खरी हवी. पाय पडतो तिथे पायाला खरी वाटेल अशी हवी. आणि नुसती नजर पोचते तिथे निव्वळ सोंग चालतं. या तीन जमिनी एकमेकींत कुठे मिसळल्या हे कळू न देणं, एवढंच काय ते आपलं काम.

दिग्दर्शकाशी वाद घालू नका, हिशेब मांडा. ३० बाय २० म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर ३ इंचांचा थर द्यायचा तर १५० घनफूट माती लागते, म्हणजे सव्वाचार घनमीटर. सुकी भुसभुशीत माती घनमीटरला सव्वा ते दीड टन भरते. झाले साडेपाच-सहा टन. पाणी मारलं की वर आणखी टनभर धरा. हे वजन पसरलेलं असतं हे खरं, पण रंगमंचाखाली तळघर असेल, फळ्या जुन्या असतील किंवा तुम्हीच उभारलेल्या लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे असतील, तर त्या हे पेलतील असं स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आत काही आणू नये. आणि बैठकीत एक साधा प्रश्न विचारा: ही माती आत कोण आणणार आणि प्रयोग संपल्यावर रात्री बाहेर कोण नेणार? निम्मा आग्रह तिथेच ओसरतो.

मंचभर माती कधीच पसरू नये, असं माझं म्हणणं नाही. १९७५ साली जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या संगीतरचनेवर नृत्य बसवलं, तेव्हा सगळा मंच पीटने, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या काळ्या मातीने झाकला होता. ती माती नाचणाऱ्यांच्या घामेजल्या अंगाला चिकटत जाते, पायाखालून उधळते, त्यांना दमवते. तिथे माती काढली तर नृत्यच उरत नाही. तुमच्या नाटकात माती काढली तर एक खड्डा तेवढा उरत नाही. म्हणून ती खड्ड्यापुरती.

आता तो खड्डा. रंगमंचाला भोक पाडता येत नाही, म्हणून सगळी जमीनच वर उचलायची. मागच्या दोन-तृतीयांश भागात १० इंच उंचीच्या लेव्हल्स लावा, पुढे उतार देत त्या मंचाला टेकवा. त्यात एका जागी २ फूट बाय २ फूट, ८ इंच खोल अशी प्लायची पेटी बसवा. आतून जाड प्लॅस्टिक. त्यात साधारण ७५ लिटर माती मावते, म्हणजे शंभरेक किलो. पेटीचा तळ थेट रंगमंचावर टेकलेला असू द्या, लेव्हलच्या चौकटीला टांगू नका. पेटीच्या कडा वरच्या जमिनीपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे माती कडेवरून बाहेर सांडते आणि शिवण बुजते. खड्ड्याची जागा ठरवताना एक बघा: उकरलेली माती पात्र कुठल्या बाजूला टाकतं? तो ढीग प्रेक्षकाच्या बाजूला आला तर हात दिसत नाहीत, आणि एवढा सगळा खटाटोप हात दिसावेत म्हणूनच तर आहे.

ही माती दोनदा चाळून घ्या. काच, खिळा, काटा, कशाचीही शंका नको. खणणाऱ्या नटाला धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू दे; हाताला ताजी जखम असेल त्या दिवशी नाट्यपूर्ण उकरणं बंद, वरवर चाळवणं फक्त. कुंड्यांसाठी मिळणारी तयार, खत मिसळलेली माती शक्यतो टाळा. ओलसर खतमातीत लिजिओनेला जातीचे जिवाणू असू शकतात आणि पोतं फोडताना उडणाऱ्या धुळीतून ते छातीत जातात. साधी, कमी सेंद्रिय, थोडी चिकण अशी माती बरी. ओलावा किती हवा याची परीक्षा जुनीच आहे. मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे. त्याच गोळ्याला अंगठ्याने टोचा. तो दोन-तीन ढेकळांत फुटला पाहिजे. गोळाच झाला नाही तर प्रयोगात धूळ उडेल. अंगठा नुसता रुतला तर चिखल होईल आणि नटाच्या बाह्या पुढच्या प्रवेशापर्यंत वाळणार नाहीत. प्रयोगाआधी अर्धा तास हँडस्प्रेने पाणी मारायचं आणि खालवर करायचं, हे काम एकाच माणसाच्या नावावर लिहून ठेवा. दोघांकडे दिलं की दोघेही मारतात. प्रयोगानंतर पेटी गोणपाटाने झाका; प्लॅस्टिकने झाकली तर चार दिवसांत बुरशीचा वास पहिल्या रांगेपर्यंत जातो.

पायाखालची जमीन मात्र सगळ्यात अवघड, कारण तिला प्रेक्षक कानाने तपासतो.

सुरुवातीच्या काळात एका नाटकासाठी मी डोंगराचा उतार केला होता. थर्माकोल कोरलेला, वर कापड, त्यावर भुशाचा गिलावा, सात-आठ हात रंग. फोटोत तो आजही खरा वाटतो. पहिल्या प्रयोगाला नायक त्यावर चढला आणि सभागृहात ढम्‌ ढम्‌ ढम्‌ असा आवाज घुमला. रिकाम्या पेटाऱ्यावर चालल्यासारखा. कोणीतरी खुदकन हसलं. नायक बिचारा पुढचा सगळा प्रवेश चवड्यांवर चालला. तीन आठवडे मी रंगावर घालवले होते आणि आवाजावर तीन मिनिटंही नाही. तेव्हापासून माझ्या सेटवर रंगाचा डबा उघडण्याआधी लेव्हल्सवर माणसं नाचवून पाहिली जातात.

पोकळ आवाज मारायचा तर वरचा पत्रा, म्हणजे प्लाय, एकच नको. १८ मिलिमीटरचे दोन थर घ्या आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. खालच्या आडव्या पट्ट्या दोन फुटांऐवजी फुटाफुटावर. लेव्हलचे पाय जिथे मंचाला टेकतात तिथे रबराचे तुकडे. लेव्हलच्या पोटात जुनी जाड कार्पेटं गच्च भरा. प्लायच्या वर ८ ते १० मिलिमीटरचं फेल्ट किंवा रबरी मॅट, त्यावर कॅनव्हास. मग टाच आपटून बघा. ‘ढम्‌’ऐवजी ‘थप्प’ आलं की समजा जमलं. गादीइतकं मऊ मात्र करू नका. मातीत पाय किंचित दबतो आणि लगेच टेकतो; स्पंजात तो दबतच राहतो, घोटा मुरगळतो, आणि नट दारू प्यायल्यासारखा चालायला लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे आवाज मुद्दाम पेरणं. विंगेतून जिथून मुख्य एंट्री आहे तिथे, प्रेक्षकाला दिसतं न दिसतं अशा जागी, दीड-दोन इंच खोलीचा एक ट्रे बसवा, ३ फूट बाय २ फूट. त्यात बारीक खडी आणि थोडी खरी माती. पात्राची पहिली तीन-चार पावलं तिथे करकरतात. त्यानंतर ते फेल्टवरच्या कॅनव्हासवर चालतं, पण प्रेक्षकाच्या कानाने ठरवून टाकलेलं असतं की हा माळ आहे. उरलेल्या जमिनीचा आवाज मग तो स्वतःच पुरवतो. असा ट्रे अनवाणी पात्रांच्या वाटेत नको, एवढं बघा. आणि पायाजवळ माइक असतील तर ध्वनीवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो तालमीत हा आवाज ‘दोष’ म्हणून कापून टाकेल.

उताराबद्दल एकच सांगतो. १२ फुटांना १ फूट, म्हणजे जेमतेम ५ अंशांचा उतार, प्रेक्षागृहातून चांगला दिसतो आणि नटांना दोन तासही सोसतो. त्यापेक्षा तीव्र असेल तर तो तुकड्यापुरता ठेवा, आणि त्यावर कोणाला धावायला लावू नका.

आता दिसणं. तुमचं कापड सतरंजीसारखं का दिसलं, याची दोन कारणं आहेत. एक, ते सपाट होतं. दोन, त्यावरचा पोत रंगमंचाजवळ उभं राहून केला होता. माणसाच्या डोळ्याची बारीक बघण्याची ताकद साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ४० फुटांवरून, म्हणजे १२ मीटरवरून, याचा अर्थ होतो साडेतीन मिलिमीटर. त्याहून बारीक कण मागच्या प्रेक्षकाला दिसतच नाहीत, सगळं मिळून एक मठ्ठ तपकिरी होतं. तेव्हा वाळूचे कण चिकटवून तुम्ही रात्ररात्र मेहनत केली तरी ती फक्त तुम्हालाच दिसणार. अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंतची ढेकळं, खळगे, वळ्या हव्यात, आणि पुढे मोठ्या, मागे बारीक, म्हणजे मंच आहे त्यापेक्षा खोल वाटतो.

गिलावा असा करतो. १ भाग पांढरा गोंद, १ भाग पाणी, अर्धा भाग मातकट रंगाचं इमल्शन. त्यात लाकडाचा भुसा, दोन जातींचा: करवतीचा बारीक आणि रंध्याच्या कापट्या चुरून केलेला जाड. थापीने उचलला तर घसरू नये आणि दाबला तर पाणी सुटू नये, इतका घालत जायचा. थोडा कागदाचा लगदा घातला तर ढेकळं धरून राहतात. कापड आधी गोंदपाण्याने भिजवून, ताणून, वाळवून घ्यायचं. मग थर एकसारखा लावायचा नाही. हाताने फेकायचा, थापीने ओढायचा, काही ठिकाणी कॅनव्हास उघडाच सोडायचा. ओला असताना त्यावर गोणपाटाचा तुकडा दाबून उचलला की पृष्ठभाग फाटल्यासारखा होतो. जुना बूट घालून चार पावलं टाकली की वाट उमटते. वाळायला पूर्ण दोन दिवस द्या. वरून कोरडा वाटतो, आतून ओला राहतो, आणि त्यावर रंग चढवला की आठवड्याने पापुद्रे सुटतात. अनवाणी पात्रांच्या हालचालींच्या जागा नंतर हाताने चाचपून घ्या. वाळलेला भुसा-गोंद दगडासारखा टोचतो. तिथे पॉलिश पेपर मारावा लागतो. सेट फिरतीवर जाणार असेल तर चालण्याच्या जागेवर थर पातळ ठेवा, गोंदात लॅटेक्स मिसळा आणि कापड मोठ्या पाइपवर गुंडाळा. घडी घातलीत तर घडीच्या रेषा कायमच्या.

पण जमीन खोटी दिसते ती बहुतेक वेळा पोतामुळे नाही, तिच्यात कारण दिसत नाही म्हणून. खरी जमीन पाण्याने, वाऱ्याने आणि पायांनी घडवलेली असते. मंचाचा नकाशा घ्या आणि त्यावर आधी एवढंच काढा: पाणी कुठून कुठे वाहतं, वारा कुठून येतो, माणसं कुठून चालतात. पाणी वाहून गेलेल्या उंचवट्यावर बारीक माती उरत नाही, खडे उघडे पडतात. खळग्यात गाळ साचतो, तो वाळल्यावर गुळगुळीत आणि फिकट दिसतो. पायवाट दबलेली, आजूबाजूपेक्षा उजळ, तिच्या मध्यावर गवत नाही पण कडेला आहे. पाचोळा मोकळ्यावर पडून राहत नाही. दगडाच्या, बुंध्याच्या आडोशाला जमतो. दगड जमिनीवर ठेवलेला नसतो, जमिनीतून आलेला असतो, त्याचा निदान तिसरा हिस्सा आत पुरलेला दाखवा आणि त्याच्या एका बाजूला मातीचा बांध चढवा. कोरड्या मातीचा किंवा वाळूचा ढीग करायचा तर त्याचा उतार ३०-३५ अंशांच्या वर नेऊ नका. कोरडी वाळू त्याहून ताठ उभी राहतच नाही, आणि प्रेक्षकाला हा नियम सांगता आला नाही तरी मोडलेला बरोबर कळतो.

भेगाळलेली जमीन हा तर नेपथ्यकारांचा आवडता विषय, आणि दहापैकी आठ वेळा ती चुकलेली असते. आपण कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा मारतो. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा आधी एक लांब भेग पडते, मग दुसरी तिला येऊन जवळजवळ काटकोनात मिळते. म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखे सांधे. तीच जमीन पुनःपुन्हा भिजली आणि वाळली की सांधे हळूहळू वायसारखे होतात, तीन भेगा सारख्या कोनांत भेटतात आणि तुकडे षटकोनी वाटायला लागतात. चिखलाचा थर जितका जाड तितके तुकडे मोठे. तुमच्या माळावर तळं आटलेलं असेल तर त्याच्या मध्यभागी मोठे तुकडे आणि काठाकडे लहान होत जाणारे, कडा किंचित वर वळलेल्या. तुमच्या संहितेत दुष्काळ कितव्या वर्षाचा आहे तेही मग जमिनीत येतं. मी असे तुकडे ६ मिलिमीटरच्या फोम शीटमधून कापतो, कडा हीट गनने किंचित वळवतो आणि मधली फट गडद विटकरी ठेवतो. फटीत काळा रंग भरू नका. काळ्याने ती रेघ होते, भेग राहत नाही.

रंगाबद्दलही हेच. डब्यातला तयार तपकिरी रंग मेलेला असतो. गेरू, पिवडी, थोडा निळा किंवा हिरवा यांतून तुमचे तीन तपकिरी बनवा: एक लालसर, एक पिवळट, एक करडा. आधी मधला सगळीकडे, ओला असतानाच दुसरा त्यात मिसळत. वाळल्यावर पातळ गडद पाणी ओतून ते खळग्यांत साचू द्यायचं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग ढेकळांच्या माथ्यांवर ओढायचा. सगळ्यात वर शिंतोडे, लांबून, ब्रश मनगटावर आपटून. हे सारं ट्यूबलाइटखाली केलंत तर वाया गेलं म्हणून समजा. प्रकाशयोजनाकाराकडून प्रयोगातले दोन-तीन जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचे रंगीत पारदर्शक कागद, मागून घ्या आणि त्यांच्या खाली रंग ठरवा. हिरवट प्रकाशात लालसर माती चक्क राखेसारखी होते.

आणि प्रकाश येतो कुठून, याला जिलेटिनइतकंच महत्त्व आहे. समोरचे दिवे जमिनीवर पडले की तुमचे सगळे उंचवटे नाहीसे होतात. विंगांमधून पोटरीच्या उंचीवर आडवा प्रकाश टाकला तर अर्ध्या इंचाच्या ढेकळालाही फूटभर सावली पडते. गिलाव्यात वाचवलेले दोन दिवस असे दोन दिवे मिळवण्यात घाला. बाल्कनी असेल तर मात्र तिथे जाऊन बसून पाहाच: खालच्या प्रेक्षकाला जमीन ही जेमतेम एक पट्टी दिसते, बाल्कनीवाल्याला ती सबंध चित्रासारखी दिसते. खालून सुंदर दिसणारा सेट वरून नकाशा वाटू शकतो.

आता पावसानंतरचा प्रवेश. ओली माती गडद का दिसते? कणांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश आत खोल शिरतो आणि कमी परत येतो. म्हणजे ओलेपणाचे दोन भाग: गडदपणा आणि चकाकी. गडदपणा मध्यंतरात आणता येतो. मोकळा थर म्हणून मी बुचाचा भरड चुरा आणि थोडं कोकोपीट वापरतो, चालण्याच्या वाटा सोडून. सबंध मंचावर ३ इंच पसरलं तरी बुचाचा चुरा अर्ध्या टनाच्या आसपासच भरतो, लांबून हुबेहूब मातीसारखा दिसतो आणि फारशी धूळ करत नाही. कोकोपीट पाणी चटकन पितं आणि काळंभोर होतं, तेव्हा मध्यंतरात फवारा मारला की काम झालं. चकाकीसाठी पाणी नकोच. चार-पाच खळग्यांमध्ये आधीच चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन हात द्या आणि पहिल्या दोन अंकांत त्यावर कोरडा बुचाचा चुरा पसरून ठेवा. मध्यंतरात तो ब्रशने बाजूला सारा. वॉर्निश चमकतं ते मागून, प्रेक्षकांच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशातच. म्हणून तो मागचा दिवा फक्त शेवटच्या प्रवेशासाठी राखून ठेवायला सांगा. पडदा उघडल्यावर माळावर आभाळाचे तुकडे पडलेले दिसतात. या खळग्यांवर कोणी पाय द्यायचा नाही, हे तालमीतच ठरवून टाका. वॉर्निशवर ओला पाय म्हणजे साबणावर पाय.

खरं पाणी हवंच असा हट्ट झाला तर खाली तळ्यांना घालतात तसं अखंड अस्तर, पाण्याला बाहेर जायला वाट, जवळपासच्या सगळ्या विजेच्या जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक स्विच, आणि पाणी रोज बदलायचं. मी स्वतः टाळतो. धूर सोडणार असाल तर तेही लक्षात असू द्या. धुराच्या यंत्रातल्या द्रवाचा बारीक थर जमिनीवर बसत जातो आणि आठवडाभराने सुकी जमीनही निसरडी होते.

धूळ आणि आग या दोन गोष्टींत मात्र हात आखडू नका. बांधकामाची न धुतलेली वाळू आणू नका. तिच्यातली सिलिकाची जी धूळ फुप्फुसात खोल जाते ती डोळ्यांना दिसतही नाही, आणि नट तर रोज दोन तास मोठ्याने, खोल श्वास घेऊन बोलत असतो. वाळू लागलीच तर धुतलेली, गोल कणांची, आणि फक्त त्या ट्रेपुरती. झाडताना कोरडा झाडू वर्ज्य: आधी फवारा, मग चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम. रंगमंचात सापळे, म्हणजे खाली उघडणारी दारं, किंवा फिरता मंच असेल तर त्यांच्या फटी टेपने बंद केल्याशिवाय मोकळं काहीही पसरू नका.

भुसा, बूच, गोणपाट, वाळकं गवत, थर्माकोल ही सगळी जळणारी मंडळी. टाकणखार आणि बोरिक ॲसिड ७:३ प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून गोणपाट, भुसा, गवत त्यात भिजवून वाळवण्याची जुनी रीत आहे आणि ती चालते. हातमोजे घाला, आणि अनवाणी पायांखाली तो माल येऊ देऊ नका. पाणी लागलं की हा लेप धुऊन जातो, म्हणून तुमच्या फवाऱ्याखालच्या भागाला तो उपयोगाचा नाही. थर्माकोलला हा इलाज नाही. तो उघडा ठेवायचाच नाही, अग्निरोधक लेपाखाली गाडायचा. प्रत्येक मालाचा तळहाताएवढा तुकडा बाहेर मोकळ्यावर नेऊन चिमट्यात धरून पेटवून बघा. ज्योत काढल्यावर तो आपणहून विझला नाही तर तो माल आत येणार नाही. सभागृहाचे लोक प्रमाणपत्र मागत असतील तर घरगुती लेप पुरणार नाही, प्रमाणित द्रवच घ्यावा लागेल.

एक गोष्ट राहिली, कडा. जमीन कुठेतरी संपते आणि तिथेच सोंग उघडं पडतं. दोनच मार्ग आहेत. एकतर कडा विरघळवा: शेवटच्या तीन फुटांत गिलावा पातळ करत न्या, रंग गडद करत काळ्यात मिसळा, मोकळा चुरा विंगेत आतपर्यंत सांडू द्या. नाहीतर कडा ताठ मानेने दाखवा, सुरीने कापल्यासारखी सरळ, पहिल्या रांगेला मातीचे थर दिसतील अशी. जणू माळाचा एक तुकडा उचलून इथे आणून ठेवला आहे. दोन्ही चालतं. नागमोडी कापलेली, खाली काळं कापड लावलेली अर्धवट कडा तेवढी नको, ती केकसारखी दिसते.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ४ फूट बाय ४ फुटांचा एकच तुकडा, खालच्या फेल्टपासून वरच्या शिंतोड्यांपर्यंत पुरा, करून मंचावर ठेवा. आडवा दिवा लावा. अनवाणी नटाला त्यावर चालवा, दिग्दर्शकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि आधी डोळे मिटून ऐकायला सांगा. हा तुकडा पुढे तालमीच्या जागेत ठेवून द्या. या जमिनीवर नटांची चाल बदलते, एंट्रीला दोन सेकंद जास्त लागतात, आणि ते रंगीत तालमीला कळून उपयोग नसतो.

आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या घंटेआधी सेटवरून शेवटचा माणूस बाहेर पडतो, त्याच्या हातात खराटा द्या. त्याने समोरून मागे, उलटं चालत, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत विंगेत जायचं. मोकळ्या चुऱ्यावर बॅकस्टेजच्या बुटांचा ठसा पहिल्या रांगेला स्पष्ट दिसतो.